पगारातली कर्जकपात: मर्यादा किती आणि दाद कुठे?

थकलेल्या कर्जापोटी पगारातून परस्पर होणारी कपात साधारणपणे पाचांपैकी एका वाटेने येते. न्यायालयाने पगारजप्तीचा हुकूम काढलेला असतो. किंवा सहकारी पतसंस्थेने वसुली दाखला मिळवलेला असतो. किंवा कर्ज घेताना कर्मचाऱ्याने स्वतःच कपातीचा करार सही करून दिलेला असतो. किंवा मालकाने दिलेली उचल मालकच वळती करून घेत असतो. नाहीतर पगार बँकेत जमा होताच बँक हप्ता कापून घेत असते. पगारपत्रकावर यातल्या बहुतेकांची नोंद ‘कर्ज वजावट’ किंवा ‘इतर कपात’ एवढ्याच शब्दांत होते. कायद्याच्या दृष्टीने मात्र या पाचांच्या मर्यादा वेगळ्या आहेत आणि दाद मागण्याची ठिकाणेही वेगळी आहेत. पतसंस्थेच्या कपातीविरुद्ध दिवाणी न्यायालयात दावा लावणे किंवा न्यायालयाच्या जप्तीविरुद्ध कामगार खात्याकडे अर्ज करणे यात महिने जातात आणि कपात चालूच राहते. म्हणून कार्यालयातल्या लेखा शाखेला लेखी अर्ज देऊन ज्या हुकमावरून, दाखल्यावरून किंवा करारावरून कपात होते त्याची प्रत मागणे, ही पहिली पायरी. ती प्रत हाती आल्याशिवाय पुढचे काहीच ठरवता येत नाही.

न्यायालयाची पगारजप्ती

दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या कलम 60 मध्ये कर्जदाराची कोणती मालमत्ता जप्त होऊ शकत नाही याची यादी आहे. पगाराबाबतचा नियम असा: पोटगीखेरीज इतर कोणत्याही हुकूमनाम्याच्या वसुलीत पगाराचे पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन-तृतीयांश भाग जप्तीतून मुक्त असतो. दरमहा 31,000 रुपये पगार असेल तर आधी 1,000 बाजूला काढायचे. उरलेल्या 30,000 मधले 20,000 सुरक्षित. जप्त होऊ शकतात ते 10,000. ‘पगार’ म्हणजे नोकरीतून मिळणारी महिन्याची एकूण प्राप्ती, फक्त सरकारने अधिसूचनेने मुक्त ठरवलेले भत्ते वगळून. हा हिशेब हातात पडणाऱ्या रकमेवर होत नाही, एकूण पगारावर होतो, आणि नेमके इथेच अनेकांचे गणित चुकते. पहिल्या 1,000 रुपयांचा आकडा 1999 च्या दुरुस्तीने आला. त्याआधी तो 400 होता. आजच्या महागाईत या हजार रुपयांना संरक्षण म्हणणे कठीण आहे. खरा आधार दोन-तृतीयांशाचाच.

त्याच कलमातला दुसरा नियम याहून मोलाचा आहे आणि त्याचा वापर फार कमी होतो. पगाराचा जप्तीयोग्य भाग सलग किंवा खंड पडत एकूण 24 महिने जप्तीखाली राहिला, की पुढचे 12 महिने तो जप्तीतून मुक्त असतो. आणि ही 24 महिन्यांची जप्ती एकाच हुकूमनाम्याखाली झालेली असेल, तर त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा सुटतो. कर्ज पूर्ण फिटलेले नसले तरी. धनकोला मग कर्जदाराची इतर मालमत्ता शोधावी लागते. ही सूट कागदोपत्री आपोआप लागू होते, प्रत्यक्षात होत नाही. आहरण व संवितरण अधिकारी न्यायालयाचा हुकूम आला म्हणून कापत राहतो, धनको अर्थातच गप्प राहतो, आणि तीन-तीन, चार-चार वर्षे जप्ती चालू असल्याचे दिसते. पगारपत्रके जपून ठेवून 24 महिने मोजणे आणि पंचविसाव्या महिन्याआधी दरखास्त (हुकूमनाम्याच्या वसुलीची कार्यवाही) चालवणाऱ्या न्यायालयात अर्ज देणे हे कर्मचाऱ्यालाच करावे लागते.

मजुरांना याहून मोठे संरक्षण आहे. मजूर आणि घरकामगार यांची मजुरी, मग ती रोख असो वा वस्तूरूपात, पूर्णपणे जप्तीमुक्त आहे. संहितेतले स्पष्टीकरण सांगते की मजूर या शब्दात कुशल, अकुशल आणि अर्धकुशल तिन्ही येतात आणि मजुरीत बोनसही मोडतो. कारखान्यातल्या यंत्रावर काम करणाऱ्याच्या पगारावर एक-तृतीयांशाच्या हिशेबाने जप्ती आली, तर ‘ही मजुरी आहे, पगार नव्हे’ हा मुद्दा आधी मांडला पाहिजे. तो मान्य झाला तर प्रश्न एक-तृतीयांशाचा राहत नाही, संपूर्ण जप्तीच उठते. सैन्यदल, नौदल आणि हवाई दलाच्या कायद्यांखाली येणाऱ्यांचे वेतन व भत्ते, तसेच निलंबन काळातला निर्वाह भत्ता, हेही मुक्त आहेत.

पोटगीचा हुकूमनामा असेल तर चित्र उलटते. तिथे फक्त एक-तृतीयांश पगार सुरक्षित, म्हणजे दोन-तृतीयांशापर्यंत कपात होऊ शकते. पत्नी-मुलांचा उदरनिर्वाह आणि सावकाराचे देणे कायद्याने एका पारड्यात ठेवलेले नाहीत, आणि ते योग्यच आहे.

एकाच वेळी दोन-तीन न्यायालयांचे जप्तीहुकूम आले तर प्रत्येकाचा वेगळा एक-तृतीयांश कापता येत नाही. संहितेच्या ऑर्डर 21, नियम 48 प्रमाणे जप्तीयोग्य भाग आधीच एखाद्या हुकमाखाली कापला जात असेल, तर नंतर आलेला हुकूम अधिकाऱ्याने चालू जप्तीच्या तपशिलासह त्या न्यायालयाकडे परत पाठवायचा असतो. खासगी नोकरांसाठी नियम 48-अ आहे. तो 1976 च्या दुरुस्तीने आला. दोन्ही नियमांत कपात करण्याची सक्ती मालकावर आहे आणि हुकूम डावलून पूर्ण पगार दिला तर तेवढी रक्कम मालकाच्या अंगावर येते. लेखापाल मंडळी घाबरून जास्तच कापतात त्यामागे हे कारण असते. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा न्यायालयाकडून नेमका आकडा लिहून आणणे सोयीचे पडते.

कर्ज देताना ‘मी कलम 60 ची सूट मागणार नाही’ असे लिहून घेण्याची काही धनकोंची पद्धत आहे. कलम 60 च्या पोटकलम (1-अ) नुसार असा करार निरर्थक आहे. सही केली म्हणून हक्क गेला, असे इथे होत नाही.

दरखास्तीत दाद

जप्ती मर्यादेबाहेर गेली असेल, 24 महिने उलटले असतील किंवा रक्कम फिटूनही कपात थांबलेली नसेल, तर कलम 47 खाली त्याच न्यायालयात अर्ज करायचा. हुकूमनाम्याची अंमलबजावणी, फेड आणि पूर्तता यांविषयीचे पक्षकारांमधले सर्व प्रश्न तिथेच सुटले पाहिजेत, वेगळा दावा चालत नाही. अर्जासोबत सगळी पगारपत्रके, कपातीचा महिनावार तक्ता आणि न्यायालयात जमा झालेल्या रकमांचा उतारा जोडावा. सोबत स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा. अर्ज फेटाळला गेला तर 1976 नंतर त्यावर नियमित अपील राहिलेले नाही. उच्च न्यायालयात पुनरीक्षण किंवा राज्यघटनेच्या अनुच्छेद 227 खाली याचिका हा मार्ग उरतो.

हिशेब तपासताना व्याजाकडे बारकाईने पाहावे. हुकूमनाम्यानंतरचे व्याज कलम 34 प्रमाणे साधारणपणे वर्षाला 6 टक्क्यांच्या वर जात नाही. व्यापारी व्यवहारातल्या देण्याला मात्र कराराचा किंवा बँकेचा दर लागू शकतो. घरखर्चासाठी घेतलेल्या वैयक्तिक कर्जाला धनकोने व्यापारी दर लावून थकबाकी फुगवली असेल, तर हुकूमनाम्यातला व्याजाचा मजकूर शब्दशः वाचून हरकत घेता येते. दुसरी काळजी बाहेर दिलेल्या पैशांची. न्यायालयाबाहेर धनकोला हप्ते दिले तर ते न्यायालयाच्या दप्तरी नोंदवून घ्यावे लागतात. धनकोने नोंदवले नाहीत तर कर्जदाराने 30 दिवसांत अर्ज करायचा असतो. नोंद न झालेली फेड अंमलबजावणी करणारे न्यायालय विचारात घेत नाही. पैसे खरोखर दिले असूनही पुन्हा कापले जाण्याची उदाहरणे इथूनच निर्माण होतात. रोख देऊन साध्या कागदावर पावती घेणे म्हणूनच धोक्याचे. बँकेतून दिलेला पैसा सिद्ध करता येतो.

कधी कधी कर्मचाऱ्याला दाव्याची खबरच नसते. जुन्या पत्त्यावर समन्स गेलेले असते, एकतर्फी हुकूमनामा झालेला असतो, आणि पहिली बातमी पगारपत्रकातून कळते. अशा वेळी ऑर्डर 9, नियम 13 खाली हुकूमनामा रद्द करून घेण्याचा अर्ज करता येतो. मुदत 30 दिवसांची. समन्स रीतसर बजावलेच नसेल तर ती हुकूमनामा कळल्याच्या दिवसापासून मोजतात. हुकूमनाम्याला दोन वर्षे उलटल्यावर दरखास्त दाखल झाली असेल तर आधी नोटीस देणे आवश्यक असते, ते झाले का हेही पाहावे. हुकूमनामा मान्य आहे पण एकदम देणे शक्य नाही, अशा स्थितीत हप्ते बांधून मागता येतात. मात्र हुकूमनाम्यानंतर हप्ते मिळण्यास धनकोची संमती लागते, म्हणून ही मागणी दावा चालू असतानाच केलेली बरी.

वसुलीसाठी तुरुंगाची भीती घातली जाते, तिच्याबद्दल थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या खटल्यात स्पष्ट केले की केवळ पैसे नाहीत म्हणून प्रामाणिक कर्जदाराला तुरुंगात टाकता येत नाही; ऐपत असून देण्याची टाळाटाळ किंवा अप्रामाणिकपणा दाखवावा लागतो. स्त्रियांना तर पैशांच्या हुकूमनाम्यापोटी अटक करताच येत नाही.

पतसंस्था: सहीने दिलेली कपात

महाराष्ट्रात सर्वाधिक कपाती न्यायालयातून येतच नाहीत, पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्थांतून येतात. शिक्षक, जिल्हा परिषद कर्मचारी, एसटी, पोलीस, महापालिका, साखर कारखाने, गिरण्या: क्वचितच एखादी आस्थापना असेल जिथे पतसंस्था नाही. अडीनडीला, मुलीच्या लग्नाला, आजारपणाला हीच संस्था धावून येते, आणि वसुलीचा सर्वांत घट्ट कायदाही तिच्याच हाती आहे.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 चे कलम 49 सभासदाला करार करून देऊ देते की मालकाने त्याच्या पगारातून ठरलेले हप्ते कापून संस्थेला द्यावेत. संस्थेची लेखी मागणी आली की मालकाला कापावेच लागते. कापले नाही किंवा कापून भरले नाही तर संस्था ती रक्कम मालकाकडून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करू शकते. रेल्वे, खाणी आणि तेलक्षेत्रांतले कर्मचारी या कलमाबाहेर आहेत. ही कपात जप्ती नव्हे, कराराची अंमलबजावणी आहे. त्यामुळे कलम 60 मधली एक-तृतीयांशाची मर्यादा आणि 24 महिन्यांची सूट तिला थेट लागत नाही. सगळ्या विषयातली खरी अडचण इथे आहे: न्यायालयाने सक्तीने घेतलेल्या पैशाला जेवढे कुंपण आहे, तेवढे स्वतःच्या सहीने दिलेल्या पैशाला नाही.

जिल्हा परिषदेतल्या एका लिपिकाचे पगारपत्रक उदाहरणादाखल मांडले तर हे स्पष्ट होते. एकूण पगार 46,000. व्यवसाय कर 200. निवृत्तिवेतन योजनेची वर्गणी 4,000. पतसंस्थेचा कलम 49 खालचा हप्ता 14,000. त्यातच एका वित्तकंपनीच्या हुकूमनाम्याची जप्ती आली. 1,000 सोडून उरलेल्या 45,000 चा तिसरा हिस्सा म्हणजे 15,000. एकूण कपात 33,200 आणि हातात 12,800. यातली प्रत्येक रक्कम सुटी पाहिली तर कायदेशीर आहे. एकत्रित पाहिली तर घर चालत नाही. अशा वेळी न्यायालयाची जप्ती कमी करून मागण्यापेक्षा पतसंस्थेकडे हप्ता पुनर्बांधणीचा लेखी अर्ज देणे जास्त फलदायी ठरते, कारण जप्तीचा आकडा कायद्याने बांधलेला आहे आणि हप्त्याचा आकडा संचालक मंडळ बदलू शकते. अर्ज नाकारला गेल्यास लेखी कारण मागावे.

कराराबाहेरची रक्कम कापली गेली, करारात नसलेले दंडव्याज लावले गेले किंवा कर्ज फिटल्यावरही मागणी थांबली नाही, तर कलम 91 खाली सहकार न्यायालयात विवाद दाखल करता येतो. तिथे कलम 95 खाली अंतरिम आदेश मागता येतो. निकालावर कलम 97 नुसार सहकार अपील न्यायालयात दोन महिन्यांत अपील होते. दिवाणी न्यायालयाचा दरवाजा अशा विवादांना कलम 163 ने बंद केलेला आहे.

वसुली दाखला

करार नसेल किंवा कर्ज बरेच थकले असेल तर संस्था कलम 101 खाली निबंधकाकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करते. प्रत्यक्षात सहायक किंवा उपनिबंधकासमोर सुनावणी होते. कर्जदार आणि जामीनदार दोघांनाही नोटीस मिळाली पाहिजे आणि म्हणणे मांडण्याची संधी मिळाली पाहिजे. ही सुनावणी फार कमी लोक गांभीर्याने घेतात. ‘पैसे तर द्यायचेच आहेत, जाऊन काय करायचे’ असे म्हणून गैरहजर राहतात. दाखला मात्र थकबाकीचा निर्णायक पुरावा ठरतो आणि नंतर आकड्यावर वाद घालायला जागा फार थोडी उरते. म्हणून कर्जखात्याचा पूर्ण उतारा, मूळ कर्जरोखा आणि जामीनपत्र तपासायला मागणे, व्याजाच्या दरावर लेखी हरकत घेणे, सही आपली नसेल तर तसे ठामपणे लिहून देणे हे सारे याच टप्प्यावर करायचे.

दाखल्याविरुद्ध कलम 154 खाली पुनरीक्षण अर्ज करता येतो. सहायक किंवा उपनिबंधकाच्या दाखल्यावर तो सहसा विभागीय सहनिबंधकाकडे जातो. मुदत दोन महिने. पण पोटकलम (2-अ) ची अट जड आहे: वसुलीयोग्य रकमेच्या 50 टक्के संस्थेत भरल्याशिवाय अर्ज दाखल करून घेतला जात नाही. ज्याच्याकडे अर्धी रक्कम असती तो थकबाकीत गेलाच नसता, ही तक्रार वाजवी आहे. नोटीसच बजावली नाही किंवा अधिकारच नसताना दाखला दिला, अशा मुळातल्या दोषांसाठी उच्च न्यायालयात याचिका करण्याचा प्रयत्न होतो. तिथे ‘पर्यायी उपाय उपलब्ध आहे’ हा पहिला आक्षेप येतो, हे धरूनच चालावे लागते.

दाखल्याची अंमलबजावणी कलम 156 आणि सहकारी संस्था नियम, 1961 मधल्या नियम 107 खाली विशेष वसुली अधिकारी करतो. इथे एक धागा न विसरता पकडायचा आहे. नियम 107 खाली पगार जप्त करताना तो दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 च्या अधीन राहूनच करावा लागतो. म्हणजे वसुली अधिकाऱ्याने कार्यालयाला पत्र पाठवून ‘संपूर्ण पगार थांबवा’ किंवा ‘निम्मा पगार पाठवा’ असे कळवले असेल तर ते मर्यादेबाहेरचे आहे, आणि वसुली अधिकाऱ्याकडे व निबंधकाकडे लेखी हरकत घेता येते. ही कपात करारावरची की दाखल्यावरची, हा फरक इथे सगळे काही ठरवतो.

एकापेक्षा जास्त राज्यांत काम करणाऱ्या बहुराज्यीय सहकारी संस्थांना 2002 चा केंद्रीय कायदा लागतो. त्यांचे वाद कलम 84 खाली लवादाकडे जातात. गोव्यात 2001 चा गोवा सहकारी संस्था अधिनियम आहे.

जामीनदार

पगारकपातीत कर्जदाराइतकाच, कधी कधी त्याहून जास्त, जामीनदार भरडला जातो. सहकाऱ्याने ‘फक्त सही कर’ म्हटले म्हणून केलेली सही वर्षानुवर्षांची कपात होऊन बसते. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 128 नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असे तो म्हणू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या 1968 च्या निकालात हे निश्चित केले. त्याच्याजवळचे बचाव वेगळे आहेत. त्याच्या संमतीशिवाय कर्जाच्या अटी बदलल्या, म्हणजे व्याजदर वाढवला किंवा जुन्या कर्जात नवे कर्ज मिसळले, तर कलम 133 खाली बदलानंतरच्या व्यवहारापुरती त्याची सुटका होऊ शकते. धनकोने हातातले तारण हलगर्जीपणाने सोडून दिले असेल तर कलम 141 खाली त्या तारणाच्या किमतीपुरता तो मोकळा होतो.

कपात झालीच, तर कापलेला प्रत्येक रुपया कलम 145 खाली मूळ कर्जदाराकडून परत मागण्याचा हक्क त्याला आहे. देणे पूर्ण फेडल्यावर कलम 140 प्रमाणे धनकोचे सर्व अधिकार त्याच्याकडे येतात. दोन जामीनदार असून एकाच्याच पगारातून कापले जात असेल तर दुसऱ्याकडून कलम 146 खाली त्याचा वाटा मागता येतो. हे हक्क वापरले जात नाहीत कारण कर्जदार बहुधा मित्र किंवा नातलग असतो. नाते सांभाळायचे असले तरी नोटीस वेळेत द्यावी. मुदत एकदा गेली की नंतर इच्छा झाली तरी उपाय राहत नाही.

मालक आणि वेतन संहिता

न्यायालयाचा हुकूम नाही, कलम 49 चा करार नाही, कर्मचाऱ्याची लेखी परवानगीही नाही, आणि केवळ वित्तकंपनीच्या पत्रावरून मालक पगार कापत असेल तर ती कपात बेकायदा आहे. खासगी आस्थापनांत हे घडते. वसुली एजंट मनुष्यबळ विभागाला पत्रे पाठवतात आणि कंपनी कटकट नको म्हणून कापते.

वेतन संहिता, 2019 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आणि 1936 च्या वेतन प्रदान अधिनियमाची जागा तिने घेतली. जुन्या कायद्यात सर्व कपातींची मर्यादा 50 टक्के, आणि कपातीत सहकारी संस्थेचे हप्ते असतील तर 75 टक्के होती. शिवाय तो कायदा ठरावीक वेतनमर्यादेपर्यंतच लागू होई. 2017 पासून ती दरमहा 24,000 रुपये होती. नव्या संहितेच्या कलम 18 ने एका वेतनकाळातल्या एकूण कपातींवर सरसकट 50 टक्क्यांची मर्यादा घातली आहे आणि वेतनमर्यादेची अट या प्रकरणातून गेली आहे. सहकारी संस्थांची 75 टक्क्यांची सवलत संपणे हा पतसंस्थांच्या सभासदांसाठी मोठा बदल आहे. टक्केवारी काढताना संहितेतली ‘वेतन’ ही व्याख्या धरायची, म्हणजे मुख्यतः मूळ वेतन आणि महागाई भत्ता. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात परत मिळवतात.

जादा कपात झाल्यास कलम 45 खाली नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे तीन वर्षांत दावा करता येतो. जुन्या कायद्यात ही मुदत 12 महिने होती. कामगार स्वतः किंवा त्याची नोंदणीकृत संघटना अर्ज करू शकते, आणि दाव्याच्या दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. अपील 90 दिवसांत. सरकारी कार्यालये व स्थानिक प्राधिकरणे यांना मात्र हे प्रकरण सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय लागू होत नाही, म्हणून वर दिलेल्या जिल्हा परिषदेच्या लिपिकाला या 50 टक्क्यांचा आधार घेता येत नाही. कायद्यातली ही फट मोठी आहे आणि ती बुजवायला हवी.

बँक खाते, लवाद, वसुली न्यायाधिकरण

पगार खात्यात आल्यानंतर होणारी वजावट ही पगारकपात नसते. हप्त्यांसाठी दिलेला ‘नाच’ (NACH) मॅन्डेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची परवानगी, बँकेला लेखी कळवून मागे घेता येतो. पण खात्यात पैसे नाहीत म्हणून हप्ता परतला तर 2007 च्या प्रदान व समझोता प्रणाली अधिनियमाच्या कलम 25 खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. म्हणून मॅन्डेट थांबवण्याआधी धनकोला लेखी कळवून नवा हप्ता मागावा. कर्ज आणि पगारखाते एकाच बँकेत असेल तर बँक वळतेचा हक्क सांगते. तो करारात आहे का, पूर्वसूचना दिली का, खाते पती-पत्नीचे संयुक्त असताना एकाच्या कर्जापोटी पैसे घेतले का, हे तपासण्याचे मुद्दे. बँकेकडे लेखी तक्रार करून 30 दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. वसुली एजंटांनी सकाळी 8 पूर्वी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये बजावले आहे.

वित्तकंपन्या अनेकदा लवादाचा निवाडा घेऊन येतात. लवाद कंपनीनेच एकतर्फी नेमलेला असतो. पर्किन्स ईस्टमन या 2019 च्या निकालापासून सर्वोच्च न्यायालयाने अशी नेमणूक अमान्य ठरवली आहे, आणि निवाड्याला आव्हान देताना हा भक्कम मुद्दा ठरतो. आव्हानाची मुदत तीन महिने आणि त्यावर फार तर 30 दिवस. निवाड्याची अंमलबजावणी हुकूमनाम्यासारखीच होते, म्हणून पगाराला कलम 60 चे कुंपण तिथेही राहते. बँकेचे 20 लाख रुपये व त्यावरचे देणे कर्जवसुली न्यायाधिकरणात जाते. तिथल्या वसुली अधिकाऱ्याच्या आदेशावर 30 दिवसांत न्यायाधिकरणाकडेच अपील करता येते, आणि दिवाणी संहितेने मुक्त ठेवलेली मालमत्ता तिथेही मुक्त असते.

निवृत्त झाल्यावर

पेन्शन, ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधी या तिघांना पगारापेक्षा जास्त संरक्षण आहे. कलम 60 शिवाय ग्रॅच्युइटीविषयीचा कायदा आणि कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी अधिनियमाचे कलम 10 हेही जप्ती रोखतात. राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या 2008 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की पेन्शन-ग्रॅच्युइटीची रक्कम हाती येऊन मुदत ठेवीत गुंतवली तरी तिचे संरक्षित स्वरूप जात नाही. निवृत्तीच्या तोंडावर पतसंस्था किंवा कार्यालय ‘ना देय दाखला’ अडवून ग्रॅच्युइटीतून परस्पर वळते करू पाहते, तेव्हा या निकालाचा आधार घ्यावा.

खर्च, तडजोड आणि शेवटचा उपाय

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. लोकअदालतीत हप्ते पाडून तडजोड करता येते, पण तिच्या निवाड्यावर अपील नसते आणि हप्ता चुकला की तोच निवाडा हुकूमनाम्यासारखा अमलात येतो. म्हणून झेपेल तेवढ्याच हप्त्यावर सही करावी. उच्च न्यायालयात जाण्याचे अंतर पश्चिम महाराष्ट्र आणि दक्षिण कोकणासाठी कमी झाले आहे: ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला सर्किट खंडपीठ सुरू झाले असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याच्याकडे आहेत.

देणी पगाराच्या कैक पट झाली आणि कोणताच हप्ता बसत नसेल, तर नादारीचा अर्ज करता येतो. दिवाळखोरी संहिता, 2016 चा व्यक्तींविषयीचा भाग कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरताच लागू झालेला असल्याने सामान्य नोकरदारासाठी जुनेच कायदे चालतात: मुंबईत 1909 चा, बाकी ठिकाणी 1920 चा प्रांतिक नादारी अधिनियम. नादार ठरल्यावर न्यायालयाच्या परवानगीशिवाय धनकोंना वेगवेगळी वसुली करता येत नाही. सरकारी नोकरांनी मात्र पाऊल टाकण्याआधी सेवानियम वाचावेत. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी 1964 च्या वर्तणूक नियमांतला नियम 17 सांगतो की कर्जवसुलीची कार्यवाही किंवा नादारीची कार्यवाही सुरू झाल्यास कर्मचाऱ्याने संपूर्ण वस्तुस्थिती लगेच कार्यालयाला कळवली पाहिजे.